"शिकून कुठं कलेक्टर होणारे?" – हा हिशोब एकदा नीट मांडून बघू

आमच्याकडं, म्हणजे बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोदा-शिरूरच्या पट्ट्यात, दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रक, ट्रॅक्टर येतात, त्यात भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, शेळी, कोंबड्या, लेकरं सगळं भरलं जातं आणि टोळ्या निघतात ऊस तोडायला, कोण कोल्हापूर-सांगलीकडं, कोण पार कर्नाटकात, ते थेट पाडव्याच्या आसपास परत. माझी आई अंगणवाडी सेविका होती. ह्या दिवसांत ती घरोघरी जाऊन सांगायची की बारक्यांचं राहू द्या पण मोठ्या पोरीला तरी मागं ठेवा, तिची शाळा बुडते, आणि उत्तर ठरलेलं असायचं, "बाई, शिकून कुठं कलेक्टर होणारे ती?"

लहानपणी मला ते वाक्य अडाणीपणाचं वाटायचं. आता अजिबात वाटत नाही, कारण तो एक हिशोब आहे आणि बऱ्यापैकी बरोबर केलेला हिशोब आहे, फक्त त्यात काही रकमा धरायच्या राहिल्यात. त्या रकमा कुठल्या, आणि शाळेत नाव असूनही त्या कधीकधी पदरात का पडत नाहीत, एवढंच इथं सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी आईबापाची बाजू बघा. सरकारी शाळा फुकट आहे, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. तरी शाळा फुकट पडत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, एकटा असला की तो 'अर्धा कोयता'. आता घरात सहा महिन्यांचं बाळ आहे आणि नऊ वर्षांची पोरगी आहे. पोरीनं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बाळ सांभाळलं, पाणी भरलं, भाकरी थापल्या तरच आई फडात जाऊ शकते. पोरगी शाळेत गेली तर आईला बसावं लागतं, म्हणजे कोयता अर्धा होतो आणि वर खाडा, म्हणजे कामावर न आल्याचा दंड, धरला जातो तो वेगळाच. म्हणजे त्या पोरीची शाळेची फी किती, तर आईची रोजची मजुरी. एवढी फी पुण्यातल्या भारीतल्या शाळेत भरणाऱ्याला पण खिशाच्या मानानं जड जाईल. आणि फायदा कधी होणार, तर दहा-बारा वर्षांनी, आणि पोरगी म्हटल्यावर तो सासरी जाणार असंही डोक्यात असतंच. ज्याच्याकडं चार पैसे शिल्लक आहेत तो दहा वर्षं थांबू शकतो, ज्यानं उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेऊन दवाखान्यात नाहीतर लग्नात खर्च केलीय त्याला थांबायची सोयच नसते.

त्यामुळं "शिक्षणाचं महत्त्व पटवून द्या" हे जे आपण पोस्टर लावून सांगतो ना, त्याचा फार उपयोग होत नाही. महत्त्व त्यांना माहितीये. परवडत नाही हा खरा मुद्दा आहे.

आता राहिलेल्या रकमा. पहिली रक्कम नोकरीची नाहीच, ती आहे फसवणूक टळण्याची, आणि ती कलेक्टर न होता, अगदी सातवी-आठवीतल्या वाचण्या-मोजण्यावरसुद्धा मिळते. उदाहरण घेऊ. समजा एका जोडीनं मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, एक लाख उचल घेतली. तोडणीचा दर २०२४ च्या सुरुवातीला वाढून टनाला ३६६ रुपये ठरला, तोच धरू. एक लाख भागिले ३६६, म्हणजे साधारण २७३ टन ऊस तोडला की उचल फिटते. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने, जवळपास अख्खा हंगाम, आणि ह्यात आजारपण नाही, खाडा नाही, पाऊस पडून फड बंद नाही, किराण्यासाठी मधे घेतलेले पैसे नाहीत. म्हणजे ती जोडी घरून निघतानाच ठरलेलं आहे की परत येताना हातात काही नसणार, आणि एखादा आठवडा ताप आला तर पुढच्या वर्षीसाठी कर्ज अंगावर. हे गणित पाचवी-सहावीचं आहे, भागाकार आणि गुणाकार. पण ज्याला तो येत नाही त्याला ते फक्त हंगाम संपल्यावर कळतं, तेही मुकादमाच्या वहीतून, आणि ती वही लिहिणारा मुकादमच.

असंच बाकीचं. बँकेचं पासबुक, रेशनच्या मशीनमधून निघणारी पावती, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता, मोबाईलवर येणारा ओटीपी जो कुणालाच सांगायचा नसतो हे त्याच मेसेजमधे लिहिलेलं असतं पण वाचता येत असेल तर ना. वाचता न येणाऱ्या माणसाला ह्यातल्या प्रत्येक ठिकाणी दुसरा माणूस लागतो, आणि तो दरवेळी भला निघेलच असं नाही. श्रीमंत माणसाला पण फॉर्म कळत नाहीत हो, पण त्याच्याकडं सीए असतो.

दुसरी रक्कम दवाखान्याची, आणि मला ही सगळ्यात मोठी वाटते. आई शिकलेली असेल तर लहान मूल जगण्याची शक्यता वाढते, हे जगभरात इतक्या वेळा दिसून आलंय की त्यावर फारसा वाद उरलेला नाही. जॉन कॉल्डवेल नावाच्या अभ्यासकानं १९७९ मधे नायजेरियातल्या आकड्यांवरून हे ठळकपणे मांडलं, म्हणजे घरची कमाई, बापाचं काम वगैरे सगळं बाजूला काढून बघितलं तरी आईच्या शिक्षणाचा फरक उरतोच. युनेस्कोचे लोक सांगतात की वाचता येणाऱ्या आईचं मूल पाच वर्षांच्या पुढं जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त असते. हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ऐकायला जादू वाटते. ओआरएसच्या पुडीवर लिहिलेलं असतं किती पाण्यात घालायचं, औषधाच्या बाटलीवर डोस लिहिलेला असतो, लसीच्या कार्डावर पुढची तारीख असते, हे झालं सरळ सरळ वाचण्याचं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शाळेत चार वर्षं बसलेल्या बाईला अनोळखी, पुस्तकी भाषेत बोलणाऱ्या माणसाचं ऐकायची आणि त्याला उलटा प्रश्न विचारायची सवय लागलेली असते. नेपाळ, मेक्सिको, झांबिया, व्हेनेझुएला अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या देशांतल्या आयांचा अभ्यास झाला त्यात पण हेच निघालं, की शाळा शिकलेली आई डॉक्टरला आजार नीट, क्रमानं सांगू शकते आणि रेडिओवरची आरोग्याची सूचना तिला उलगडते. आमच्या आईकडं वजन करायला लेकरू घेऊन येणाऱ्या बायांत हा फरक मी स्वतः बघितलाय. चौथी शिकलेली बाई विचारायची "बाई, मागच्या महिन्यापेक्षा कमी का भरलं?" आणि न शिकलेली नुसती मान हलवून जायची, कळलं नाही तरी, कारण विचारायची भीती.

आणि तिसरी रक्कम म्हणजे लग्नाचं वय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आमच्या बीडमधे हा आकडा चाळीसच्या वर आणि शेजारच्या परभणीत तर ४८. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोरगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, फडावर उघड्यावर कशी न्यायची, शिवाय जोडी असली की कोयता पूर्ण धरला जातो, ही सगळी कारणं एकत्र येऊन तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न होतं. शाळेत असलेली पोरगी म्हणजे 'अजून शिकतीये' हे एक कारण घरच्यांच्या हातात असतं, पाहुण्यांना सांगायला. हसू नका, गावात असं कारण लागतं.

बरं, एवढ्या रकमा आहेत तर मग शाळेत नाव घातलं की झालं का? इथंच खरी मेख आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपल्याकडं 'साक्षर' ची व्याख्या जनगणनेत अशी आहे की सात वर्षांवरच्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता आलं पाहिजे. २०११ ला महाराष्ट्र असा ८२.३ टक्के साक्षर निघाला. पण जनगणनेवाले कुणाला वाचून दाखव म्हणत नाहीत, घरातला जो कोण भेटेल तो सांगतो आणि ते लिहून घेतात. ह्याच्या उलट 'असर' नावाचा सर्व्हे असतो, मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचा, २००५ पासून. त्यात कार्यकर्ते ग्रामीण भागात घरोघरी जाऊन पोरांच्या हातात कागद देतात: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या लेव्हलचा उतारा आणि मग दुसरीच्या लेव्हलची छोटी गोष्ट. २०२४ ला देशभरात तिसरीतल्या पोरांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी निघाली २७ टक्के. पाचवीतली बघितली तर निम्म्याच्या जरा खालीच. ही सगळी पटावरची पोरं बरं का, शाळाबाह्य नाही.

आता ह्याचं इतकं काय, वाचतील सावकाश, असं वाटू शकतं. पण वाचण्याचं डोक्यात कसं चालतं ते बघा. तुम्ही आत्ता हे वाचताय तेव्हा अक्षरं जोडत नाहीये, अख्खा शब्द एका नजरेत उचलताय आणि तुमचं सगळं लक्ष अर्थाकडं आहे (किंवा 'हा कधी थांबणार' ह्याकडं). नवशिक्या पोराचं तसं नसतं. 'शे-त-क-री-रा-ना-त-गे-ला' असं एकेक अक्षर उचलताना डोक्यातली जी तात्पुरती आठवण असते, ती फार लहान असते. ओंजळीत पाणी घेऊन विहिरीपासून घरापर्यंत चालत यायचं, असं काहीतरी ते होतं. पटकन आलात तर थोडं उरतं, रेंगाळत आलात तर घरी येईस्तोवर हात कोरडे. वाक्य संपेपर्यंत सुरुवातीचा शेतकरी गळून गेलेला असतो. म्हणून वाचनाचा वेग हा शोभेचा भाग नाहीये, एका ठराविक वेगाच्या खाली अर्थच लागत नाही. आणि आपली देवनागरी, तिचं प्रेम मला पण आहे, पण पोराच्या जागी बसून बघा. बाराखडी झाली की जोडाक्षरं, आणि एकटा 'र' घ्या, तो 'प्र' मधे एक, 'ट्र' मधे दुसरा, 'अर्क' मधे डोक्यावर, 'वाऱ्या' मधे आणखीनच वेगळा. हे पक्कं व्हायला रोजचा सराव लागतो, दोन-तीन वर्षं, खंड न पडता.

तिसरीपर्यंत पोरं वाचायला शिकतात, तिसरीनंतर वाचून शिकतात. चौथीचं परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचता येतं असं गृहीत धरूनच लिहिलेलं असतं. ज्याचं वाचन तिसरीत कच्चं राहिलं त्याच्यासाठी पुढची सगळी पुस्तकं बंद. तो वर्गात बसतो, फळ्यावरचं हुबेहूब उतरवून काढतो, अक्षर सुद्धा कधीकधी सुंदर असतं, पण ते चित्र काढल्यासारखं. आठवीपर्यंत सरकत जातो आणि मग आईबाप म्हणतात, आठ वर्षं शाळेत घातला, काय आलं त्याला? तेव्हा तो 'कलेक्टर' वाला हिशोब पुन्हा खरा ठरतो.

असं का होतं ह्याची कारणं मास्तर आळशी असतात इथंच आपण संपवतो, ते सोपं पडतं. खरं कारण बरंचसं असं आहे की अभ्यासक्रम पुढं पळत असतो आणि वर्गात चार लेव्हलची पोरं असतात. मास्तरनं पुस्तक पूर्ण केलं तर मागची राहतात, मागच्यांसाठी थांबला तर साहेब विचारतात पाठ कितवा. मायकेल क्रेमर नावाच्या अर्थतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केनियात बघितलं होतं की शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं दिल्यानं काय फरक पडतो. फरक पडला, पण फक्त आधीच हुशार असलेल्या पोरांना. बाकीच्यांना ती पुस्तकं वाचताच येत नव्हती, पुस्तकं इंग्रजीत, जी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची तिसरी भाषा. आपल्याला हे लांबचं वाटायला नको. लमाण तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं, धडगावचं पावरी, मेळघाटातलं कोरकू, आणि पहिलीत त्याच्यापुढं येते प्रमाण मराठी. आमच्या वर्गात तर मराठीच बोलणाऱ्या पोराला 'म्या नाय केलं' म्हटल्यावर 'मी नाही केले म्हण' असं चारचौघात दुरुस्त केलं जायचं, ते पोर पुढं वर्षभर तोंडच उघडायचं नाही.

ह्यावर जो उपाय चाललेला दिसतो तो ऐकायला एवढा साधा आहे की राग येतो. रोज थोडा वेळ इयत्ता विसरा. ज्याला अक्षरं येतात ते एका घोळक्यात, शब्दवाले दुसऱ्यात, उतारावाले तिसऱ्यात, मग तो पाचवीतला असो का तिसरीतला. 'प्रथम' नं ह्याचंच आधीचं रूप मुंबई आणि बडोद्यात वस्तीतल्या शिकलेल्या पोरींना 'बालसखी' म्हणून नेमून, मागं पडलेल्या पोरांना वेगळं बसवून करून बघितलं, अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो ह्या अर्थतज्ज्ञांनी त्याची मोजणी केली आणि मागं पडलेल्या पोरांना त्याचा चांगला फायदा झालेला दिसला. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ह्या दोघांना आणि क्रेमरला मिळून मिळालं ते अशाच छोट्या छोट्या गोष्टी मोजून बघण्याच्या कामासाठी. २०२१ ला केंद्राचं निपुण भारत अभियान आलं, त्याचं म्हणणं पण तेच, तिसरीपर्यंत वाचन-गणित पक्कं करा. कागदावर उत्तम आहे. फक्त त्याचीही माहिती भरायला मास्तरलाच बसवतात, हे एक आपलं खास.

अजून एक गंमत सांगतो. गरीब पोरांना 'डोकं नसतं' असं खाजगीत म्हणणारे लोक मी भरपूर बघितलेत, शिकलेले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी वगैरे विकणाऱ्या पोरांचा एक अभ्यास २०२५ मधे छापून आला. ही पोरं ८०० ग्रॅम बटाटा आणि वर एक किलो चारशे ग्रॅम कांद्याचे पैसे तोंडी करून सुटे परत देतात, सहसा चुकत नाहीत, आणि तीच पोरं कागदावरचा साधा भागाकार करू शकत नाहीत. आणि उलटं पण निघालं, नुसती शाळेत जाणारी पोरं कागदावर बरी पण बाजारातला व्यवहार तोंडी करताना अडखळतात. म्हणजे डोकं दोघांकडं आहे, मधला पूल कुणी बांधला नाहीये. शाळेनं बाजारातलं गणित कधी विचारलंच नाही त्या पोराला, त्यामुळं त्यालाही वाटत राहिलं की आपल्याला गणित येत नाही.

परत ऊसतोडीकडं येतो, कारण तिथं हे सगळं एकावर एक साचतं. शाळा जूनमधे भरते, पोरगं जरा रुळतं, अक्षरं जोडायला लागतं आणि दिवाळीला टोळीबरोबर जातं. परत येतं तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर. वर म्हटलं तसं वाचन म्हणजे खंड न पडता होणारी गोष्ट, आणि ह्याच्या नशिबी दरवर्षी पाच महिन्यांचा खंड. चार वर्षांत तो शाळेत बसलाय जेमतेम दोन-सव्वादोन वर्षं. शिक्षण हक्क कायदा (२००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून) म्हणतो की वयाप्रमाणं वर्गात बसवा आणि मागं राहिलेल्याला विशेष प्रशिक्षण द्या. पहिला भाग सगळीकडं होतो, कारण तो रजिस्टरवर होतो. दुसऱ्या भागाला माणूस लागतो.

पूर्वी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालायच्या, संस्था चालवायच्या. शिक्षण हक्क आल्यावर त्या मागं पडत गेल्या, म्हणणं असं की पोरांना जवळच्या रेग्युलर शाळेत घाला. तत्त्व म्हणून बरोबर, पण तळापासून शाळा तीन किलोमीटर, मधे उसानं भरलेले ट्रॅक्टर पळतायत आणि भाषा-मास्तर-पोरं सगळं अनोळखी, मार्चमधे परत जायचंच आहे, कोण घालणार? म्हणून मग हंगामी वसतिगृह. ह्यात पोरगं गावातच राहतं, आजी-आजोबांकडं, आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोय शाळेच्या व्यवस्थापन समितीकडून होते. मला विचाराल तर ऊसतोडीच्या पोरांसाठी आजवर निघालेल्या योजनांत ही सगळ्यात शहाणी योजना, कारण ती आईबापाच्या हिशोबाला हात घालते, उपदेश करत नाही. आजीला म्हणते, तू फक्त रात्री जवळ झोपव, ताट आम्ही देतो. अनुदान उशिरा येतं, काही ठिकाणी पटावर जेवढी त्याच्या निम्मी जेवायला, ह्या तक्रारी आहेतच आणि खऱ्या आहेत. आणि बारकं भावंड सांभाळायला पोरगी लागतेच, हा प्रश्न तो तसाच उरतो, त्यासाठी फडाजवळ पाळणाघर पाहिजे आणि त्याकडं फारसं कुणी बघत नाही.

थोडक्यात, गरीब पोराला शिकवायचं म्हणजे शिकवण्याच्या बाहेरच्याच गोष्टी जास्त कराव्या लागतात. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना हे कळत होतं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मधे प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोर न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला, त्या काळचा एक रुपया. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते वेगवेगळ्या जातींसाठी वसतिगृहं काढत होते, कारण खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर झोपणार कुठं आणि जेवणार काय. भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली जेवायला बसवली, धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आणि ताराबाई मोडक-अनुताई वाघ ह्यांनी तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातल्या आदिवासी भागात कुरणशाळा चालवली, पोरं गुरं सोडून येऊ शकत नाहीत ना, मग शाळाच कुरणात. ह्याच्यापुढं आमचं 'शाळेत या, गणवेश मिळेल' फारच बाळबोध वाटतं.

शाळेतल्या जेवणाचं तसंच. शिजवलेलं जेवण द्याच असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मधे सांगितलं, त्यावरही लोकांनी नाकं मुरडली होती, शाळा आहे का खानावळ. उपाशी पोराचं लक्ष लागत नाही हे एक, पण घरी एका तोंडाची भाकर वाचते हे आईच्या हिशोबात जमेला पडतं. बिहारनं २००६ मधे नववीत जाणाऱ्या पोरींना सायकली दिल्या तर हायस्कूलला जाणाऱ्या पोरी जवळपास तीस टक्क्यांनी वाढल्या. आपल्याकडं पोरींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत. ज्या गावात सकाळची गाडी वेळेवर येते तिथल्या पोरी दहावी करतात, जिथली बंद पडते तिथं दोन वर्षांत पोरींची लग्नं लागतात. मी हे कुठला सर्व्हे बघून नाही सांगत, आमच्या आजूबाजूच्या चार गावांवरून सांगतोय.

आता नोकरी-पैशाचं. शिक्षणाचं एकेक वर्ष वाढलं की कमाई साधारण नऊ-दहा टक्क्यांनी वाढते असा जगभराचा हिशोब जागतिक बँकेचे लोक मांडतात. इंडोनेशियानं १९७३ ते ७८ मधे तेलाच्या पैशातून ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, ती पोरं मोठी झाल्यावर दुफ्लोनं तपासलं तर शाळांमुळं शिक्षण वाढलं होतं आणि त्या वाढीव शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागं पगार सुमारे ७ ते १० टक्क्यांनी जास्त. पण हे सरासरीचं बोलणं झालं. आमच्याकडं डी.एड. करून घरी बसलेली आणि पुण्यात सदाशिव पेठेत सहा-सहा वर्षं एमपीएससी करत असलेली पोरं घरोघरी आहेत, त्यांच्या आईबापांना नऊ टक्के सांगायला जाऊ नका, चहा पण मिळणार नाही. शिक्षणानं नोकऱ्या तयार होत नाहीत, आणि ज्याच्याकडं जमीन नाही, ओळख नाही, जातीमुळं दारं बंद आहेत, त्याला त्याच सर्टिफिकेटचे पैसे कमी मिळतात हे कबूल करून टाकलेलं बरं. हे न सांगता 'शिका म्हणजे गरिबी हटेल' म्हणणं म्हणजे अर्धीच पावती दाखवणं.

उलट बाजू अशी की जवळ काम दिसलं की शाळा आपोआप दिसते. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञानं दिल्लीच्या आसपासच्या काही खेड्यांत कॉल सेंटरच्या नोकऱ्यांची माहिती द्यायला आणि भरतीला मदत करायला तीन वर्षं माणसं पाठवली. शाळा बांधली नाही, पैसे वाटले नाहीत. त्या गावांत तरण्या पोरींची लग्नं लांबली आणि लहान पोरी जास्त शाळेत जायला लागल्या, त्यांची तब्येत पण सुधारलेली दिसली, म्हणजे घरच्यांनी त्यांच्या ताटात पण जास्त वाढलं. आईबापाचं प्रेम तेवढंच होतं हो आधीही, फक्त पोरीच्या शिक्षणाचं पुढं काय होतं हे पहिल्यांदा दिसलं.

आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आठवीत होती, हंगामी वसतिगृहामुळं आजीजवळ राहिली. आईबाप फडावर. ती रोज रात्री आईला फोन लावायची आणि आज काट्यावर किती टन भरलं ते विचारून जुन्या वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवायची, कुणी सांगितलं नव्हतं, गणिताच्या मास्तरांनी कधीतरी तक्ता करायला शिकवला होता तेवढंच. पाडव्यानंतर हिशोबाला बसले तेव्हा मुकादमाच्या वहीत आणि हिच्या वहीत अकरा टनांचा फरक आला, म्हणजे ४,०२६ रुपये. बाप म्हणाला राहू दे, पुढच्या वर्षी उचल मिळायची नाही. पोरगी काही बोललीच नाही, वही तशीच उघडी ठेवून बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मुकादमानं नऊ टन मान्य केले, दोन नाही केले.

तेव्हापासून गावात तिला 'मुनीम' म्हणतात, मुकादमच पहिल्यांदा म्हणाला, चिडून. गेल्या हंगामात गल्लीतल्या अजून चार घरांचे फोन रात्री तिच्याकडं यायला लागले आणि तिनं नवीन दोनशे पानी वही मागून घेतली. यंदा दहावीला आहे, आणि टोळी दसऱ्यालाच जाणार म्हणतायत.